पंच्याण्णवची रेघ

लॅपटॉपचं तापमान बघता येतं हे वडिलांना दाखवणं, ही माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी घोडचूक. नोकरी गेली त्यात माझा काही दोष नव्हता, कंपनीने आमचा अख्खा विभागच बंद केला. पण हे मात्र मी माझ्या हाताने करून ठेवलं.

झालं असं, की माझा लॅपटॉप जुना आहे आणि त्याचा पंखा जरा काम पडलं की घरघरायला लागतो. बाबा दर दहा मिनिटांनी दारात येऊन विचारायचे, "हे का ओरडतंय?" मी सांगायची, गरम झालाय. ते विचारायचे, "किती गरम?" एकदा वैतागून मी एक छोटा प्रोग्रॅम टाकला. स्क्रीनच्या कोपऱ्यात प्रोसेसरचं तापमान दिसतं. म्हटलं, हे बघा, एक्काहत्तर. झालं समाधान?

समाधान कसलं! ज्या माणसाने चौतीस वर्षं साबणाच्या कारखान्यात बॉयलरसमोर बसून काढली, ज्याला तिथे सगळे काटेमास्तर म्हणायचे, आणि जो गेली सहा वर्षं घरात बसून न्हाणीघरातल्या गिझरवर लक्ष ठेवण्यापलीकडे काही करत नव्हता, त्याला मी नवा काटा आणून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर लांबट नोंदवही हजर. पट्टीने आखलेले रकाने: वेळ, आकडा, शेरा, सही. दर पंधरा मिनिटांनी बाबा माझ्या खुर्चीमागे उभे. चष्मा कपाळावर, मान पुढे. "अठ्ठ्याहत्तर," असं मोठ्याने म्हणायचे आणि लिहायचे. ते फिरायला गेले की आईची पाळी. आई बिचारी कधी सही करायची, कधी नुसती फुली मारून मोकळी व्हायची, आणि मग त्या फुलीवरून संध्याकाळी दोघांचं वाजायचं.

"अहो, तो काय बॉयलर आहे का?" आई म्हणायची.

"गरम होतो ना? मग झालं तर."

हे सगळं मी गंमत म्हणून सोडून दिलं असतं. पण तेव्हा मला घरी बसून आठ महिने झाले होते. मी पाइपलाइनची ड्रॉइंग काढते, हेच एक काम मला येतं आणि ते मला आवडतं. आठ महिन्यांत कितीतरी ठिकाणी अर्ज केले, कुणी उत्तर देण्याचीही तसदी घेतली नाही. आणि मग एका कंपनीने चौघांना परीक्षेला निवडलं, त्यात मी होते. परीक्षा घरूनच द्यायची, तीन तास. ते स्केच पाठवणार, त्यावरून पंपघराचं पूर्ण मॉडेल उभं करायचं. कॅमेरा चालू, माइक चालू. खोलीत दुसरं माणूस नको, तोंडातून शब्द नको. मशीन पाच मिनिटांच्या वर बंद पडलं तर परीक्षा रद्द, पुन्हा संधी नाही. आणि माझा लॅपटॉप बंद करून सुरू करायला सात मिनिटं घेतो.

त्यात आणखी एक भानगड. लॅपटॉपची बॅटरी फुगली होती. दुरुस्तीवाल्याने ती काढून टाकली आणि "नवी चार दिवसांत येईल" असं सांगितलं, त्याला तीन आठवडे झाले. त्यामुळे लॅपटॉपचा जीव भिंतीतल्या प्लगमध्ये. माझ्या खोलीच्या विजेचं बटण कुठे, तर बाहेरच्या खोलीत, चपलांच्या कपाटाच्या वर. घर बांधणाऱ्याने ते तिथे का बसवलं ते त्यालाच माहीत.

परीक्षेच्या चार दिवस आधी मी सराव करायला बसले. घड्याळ लावून, दार लावून, अगदी खऱ्यासारखं. बाबा मागे उभे राहू नयेत म्हणून मी तोच तापमानाचा आकडा त्यांच्या फोनवर दिसेल अशी सोय करून दिली. म्हटलं, बाहेर बसा आणि काय लिहायचं ते लिहा. पुन्हा मीच! मला कुणी सांगितलं होतं?

दोन तास झाले. मॉडेल जवळजवळ उभं राहिलं होतं. सगळे पाइप, व्हॉल्व्ह, आधाराचे खांब एकदम वळवून बघत होते, पंखा बोंबलत होता, आणि खट्‌. स्क्रीन काळी. छतावरचा पंखा हळूहळू थांबायला लागला.

मी बाहेर धावले. बाबा कपाटापाशी उभे, एक हात बटणावर, दुसऱ्या हातात फोन. चेहऱ्यावर कसली म्हणून गडबड नाही.

"ब्याण्णव झालं होतं," ते म्हणाले.

"म्हणून तुम्ही वीज बंद केलीत?"

"मग काय आरती ओवाळू?"

"बाबा! माझं चाळीस मिनिटांचं काम गेलं!"

"काम पुन्हा होतं."

"निदान हाक तरी मारायची! दार वाजवायचं!"

तेव्हा त्यांनी मला बॉयलरघराचा नियम सांगितला. लहानपणापासून शंभरदा ऐकलेला. ज्याला काटा वर गेलेला दिसेल त्याने बंद करायचं. झाडणारा असो नाहीतर मॅनेजर. विचारत बसायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. आधी बंद, मग नोंद, मग काय बोलायचं ते बोला.

मी इतकी ओरडले, की आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि शेजारच्यांनी दार उघडून बघितलं. मी म्हटलं, हा कारखाना नाही, हा माझा लॅपटॉप आहे, आणि परीक्षेच्या दिवशी तुम्ही असं केलंत तर मी हे घर सोडून जाईन. खरं तर जाणार कुठे? जायला जागा असती तर आठ महिने इथे कशाला बसले असते! बाबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि वहीत लिहिलं: अकरा पस्तीस, ब्याण्णव, बंद केले, सही.

दुपारी मी त्यांना समोर बसवून समजावलं. बाबा, ऐका. प्रोसेसर म्हणजे बॉयलर नाही. तो नव्वदच्या पुढे जातो, बऱ्याचदा जातो. शंभरच्या आसपास त्याची हद्द असते आणि त्याआधीच तो आपण होऊन कामाचा वेग कमी करतो. त्याच्याही पुढे गेला तर आपला आपण बंद पडतो. चित्रं काढणारी चिप पंच्याऐंशीपर्यंत जाते. हार्ड डिस्क मात्र पन्नासच्या आत हवी. बॅटरी तर पंचेचाळीसलाच कुरकुरते, पण ती आता नाहीच.

बाबांनी प्रत्येक आकडा लिहून घेतला आणि कागद लांब धरून बघितला. "एका डब्यात राहतात आणि चौघांच्या चार तऱ्हा?"

"हो."

"आणि हा सत्तरवरून नव्वदवर एका सेकंदात जातो. काटा असा उडी मारत नाही. तुझा काटाच बिघडलाय."

"काटा बिघडलेला नाही. प्रोसेसर तसाच असतो."

"बॉयलर तापायला तास जातो."

"बाबा, बॉयलर विसरा हो!"

हे मी बोलायला नको होतं. ते उठले, चपला घातल्या आणि तडक दुरुस्तीवाल्याकडे गेले. तासाभराने परत आले ते विजयी मुद्रेने. "तो म्हणतो, पन्नासच्या आत पाहिजे." मी दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, अहो ताई, मी काकांना डिस्कचं पन्नास सांगितलं, प्रोसेसर नव्वदच्या पुढे गेला तरी घाबरू नका असंही सांगितलं, पण त्यांनी पन्नास ऐकलं आणि निघाले. कप्पाळ माझं!

शेवटी भाजीवाल्याशी करावी तशी घासाघीस झाली. ते पंच्याऐंशी म्हणाले, मी शंभर. ते सत्त्याऐंशीवर आले, मी शंभरावरच. आई म्हणाली, दोघंही एकाच मातीचे, जेवा आता. जेवताना ते नव्वदवर आले. ताटं उचलताना मी म्हटलं, पंच्याण्णव, ह्याच्या खाली एक आकडा नाही.

"तुला पक्कं माहीत आहे, पंच्याण्णवला काही होत नाही?"

"पक्कं."

त्यांनी वहीत नवं पान काढलं आणि सगळ्यात वर लाल पेनाने पंच्याण्णव लिहून त्याखाली रेघ मारली. "रेघेच्या खाली असेल तोवर मी बटणाला हात लावणार नाही," ते म्हणाले. "रेघ ओलांडली तर मात्र मला विचारू नकोस."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? त्यांना बाहेर पाठवून द्यावं असं मनात आलं होतं, पण आई म्हणाली, पाठवशील, आणि ते कोपऱ्यावरून परत येतील. फोन काढून घेतला असता तर आकडा दिसत नाही म्हणून त्यांनी आधीच बटण बंद केलं असतं. त्यांच्या नियमात तेही होतं, काटा दिसेनासा झाला तरी बंद. मग मी लॅपटॉप उघडून आतली धूळ फुंकली, चार कोपऱ्यांखाली बाटल्यांची झाकणं ठेवून तो उचलला, खिडकी उघडी ठेवली. सरावात त्र्याण्णवच्या वर गेला नाही. मी मनात म्हटलं, निभेल.

परीक्षेच्या दिवशी सकाळी दहाला मी दार लावून घेतलं. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबा कपाटाखाली बसले होते, बटण डोक्यावर, वही मांडीवर, फोन हातात. परीक्षेपुरती नोंद दर पाच मिनिटांनी करायची असं त्यांनी ठरवलं होतं.

पहिले दोन तास मला बाबा आठवलेही नाहीत. स्केच किचकट होतं, पण माझ्या आवाक्यातलं. मोठे पाइप आधी, मग फांद्या, मग व्हॉल्व्ह. आठ महिन्यांनी हात मोकळा चालत होता, आणि मला वाटत होतं की हे मला येतं, हे अजून येतं. कोपऱ्यात आकडा सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी असा खेळत होता.

सवाबाराला मी सगळं मॉडेल जोडून तपासायला लावलं. हे टाळता येत नव्हतं, पाइप एकमेकांत घुसतात का ते त्याशिवाय कळत नाही. पंख्याचा आवाज टिपेला गेला. एक्क्याण्णव. चौऱ्याण्णव. मग सत्त्याण्णव.

माझा हात माउसवरच थिजला. कॅमेरा माझ्याकडे बघत होता, त्यामुळे मला ना ओरडता येत होतं ना उठता. आत्ता जाईल, मी म्हटलं, आत्ता खट्‌ होईल. मी जेवढं झालं तेवढं सेव्ह केलं. पण सेव्ह करून काय उपयोग, पाच मिनिटांची अट होती ना! बाहेर खुर्ची करकरली. बाबा उठले होते. मी छतावरच्या पंख्याकडे बघितलं. तो फिरत होता.

अठ्ठ्याण्णव. तपासणी निम्म्यावर आली होती. खरं सांगते, तेव्हा मलाच भीती वाटायला लागली. पंच्याण्णव काय, शंभर काय, मी कुठेतरी वाचलेलं, चार जणांनी लिहिलेलं. माझ्या ह्या जुन्या, बॅटरी काढलेल्या, झाकणांवर उभ्या डब्याला किती झेपतं ते कुणी मोजलं होतं? कळफलकाची वरची पट्टी बोट लावता येणार नाही इतकी तापली होती. मी मनातल्या मनात बाबांना शिव्या घालत होते आणि त्याच वेळी वाटत होतं की हा मध्येच बसला तर त्यांचंच खरं ठरेल, आणि मी जन्मभर ऐकत राहीन.

वीज गेली नाही. वीस मिनिटं आकडा पंच्याण्णवच्या खाली आला नाही आणि वीज गेली नाही. तपासणी संपली, दोन चुका निघाल्या, त्या मी दुरुस्त केल्या, आणि एकला सात मिनिटं कमी असताना मॉडेल पाठवून दिलं. पोच आली. कॅमेरा बंद झाला.

मी बाहेर आले तेव्हा बाबा कपाटाला टेकून उभे होते. शर्ट पाठीला चिकटला होता.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"बरं," असं म्हणून त्यांनी वही मिटली आणि आत जाऊन आडवे झाले. मला वाटलं, फोन अडकला असेल, आकडा दिसलाच नसेल, नशीब माझं. पण काटा न दिसणं म्हणजे बंद, हे मी पार विसरले. मी आईला मिठी मारली आणि दोन दिवस नुसती झोपले.

सहाव्या दिवशी सकाळी कंपनीतून एका बाईंचा फोन आला. तुमची निवड झाली, एक तारखेला रुजू व्हा, ह्या माणसाचा नंबर लिहून घ्या. मी एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने कागद शोधत होते, आई पेन घेऊन धावली, आणि टेबलावर समोर होती ती वही मी उघडली. नंबर लिहिला, आभार मानले, फोन ठेवला. आई रडायला लागली. मीही रडले. मग नंबर पुन्हा वाचून बघावा म्हणून वहीकडे बघितलं, तर ते परीक्षेच्या दिवसाचंच पान होतं.

वर लाल रेघ. खाली दर पाच मिनिटांच्या नोंदी. बारा पंधरा, एकोणनव्वद. बारा वीस, एकोणनव्वद. बारा पंचवीस, नव्वद. बारा तीस, एकोणनव्वद. बारा पस्तीस, एकोणनव्वद. प्रत्येकीपुढे सही. अक्षर बाबांचंच, पण त्या चार-पाच ओळी कुणीतरी चालत्या गाडीत लिहाव्यात तशा.

"हे खोटं आहे," मी म्हटलं. "सत्त्याण्णव होतं. अठ्ठ्याण्णव होतं. मी स्वतः बघितलंय."

आईने वही हातात घेऊन ओळ न् ओळ वाचली.

"तू पोटात होतीस तेव्हा," ती म्हणाली, "मॅनेजरने ह्यांना सांगितलं होतं, मोठी मागणी आहे, काटा वर गेला तरी चालू दे आणि वहीत कमी लिही. ह्यांनी बॉयलर बंद केला आणि खरा आकडा लिहिला. पंधरा दिवस घरी बसवलं होतं. मी पाया पडले होते ह्यांच्या, की एक आकडाच तर आहे, लिहा हो. नाही लिहिला." तिने वही टेबलावर ठेवली. "मला कधी वाटलं नव्हतं, हा माणूस असं काही लिहील."

बाबा केस कापायला गेले होते. तासाभराने आले, मानेवर बारीक केस चिकटलेले. आईने दारातच बातमी सांगितली. ते हसले, तोंडभर हसले, आणि माझ्या पाठीवर थोपटलं. मग त्यांना टेबलावर उघडी वही दिसली.

"हे काय आहे, बाबा?"

त्यांनी चष्मा लावला, जणू त्यांनाही बघायलाच हवं होतं. "खरा आकडा लिहिला असता तर बंद करावं लागलं असतं," ते म्हणाले.

"मग लिहायचंच नाही! नुसतं बसायचं!"

"रकाना रिकामा ठेवता येत नाही."

मला इतका राग आला! कुणाचा ते कळेना. "भीती नाही वाटली?"

"वाटली ना. दर पाच मिनिटांनी हात वर जात होता." ते खुर्चीवर बसले. "पण म्हटलं, तू आत आहेस. तुझं काम तुला कळतं. तू पक्कं म्हणाली होतीस."

हे एक वाक्य मी त्यांच्या तोंडून आठ महिने ऐकायला बसले होते. आठ महिने काय, पस्तीस वर्षं! मला वाटलं, आता ह्यांच्या गळ्यात पडावं. आणि मी खेकसले, "मग हे आधी बोलायला काय झालं होतं तुम्हाला?"

ते मानेवरचे केस झटकत राहिले. मग त्यांनी वही जवळ ओढली, त्या ओळींवरून बोट फिरवलं आणि वर न बघता विचारलं, "शंभरपर्यंत काही होत नाही, हे तुला पक्कं माहीत होतं ना?"

आई माझ्याकडे बघत होती.

"हो," मी म्हटलं. "पक्कं माहीत होतं."

"मग ठीक आहे," बाबा म्हणाले, आणि आंघोळीला गेले.